आमचा रॉकवाला मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत होता

(शाहीर विलास घोगरे यांच्या स्मृतिदिनी परळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विलास घोगरेंना मी पाहिलेलं नाही. ते गेले १५ जुलै १९९७ ला, माझा जन्म त्याच्या नंतरचा. इथं पुढच्या सतरंजीवर जे बसलेत त्यांच्यातले काहीजण त्यांच्या मागं कोरसला उभे राहिलेले आहेत. त्यांच्या देखत मी घोगरेंवर बोलायचं म्हणजे आगाऊपणाच. पण चाहता व्हायला ओळख लागत नाही. आवाज कानात घुसला की झालं. मी चाहता म्हणून बोलणार आहे आणि चाहत्यांबद्दलच बोलणार आहे. थोडं कडू लागेल.

मी घोगरेंना रॉकवाला म्हणतो. हसू नका.

परवा दादरला काही गिटारवाली पोरं भेटली. पोरं वाईट नाहीत. त्यातला एकजण म्हणाला, मराठीत रॉक असा झालाच नाही, एक नंदू भेंडे सोडले तर. भेंड्यांबद्दल तो खरं बोलला. १९७४ च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मधला जुडास, १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’तला तो गाणारा गडी, १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं गाणं. माणूस ११ एप्रिल २०१४ ला गेला तेव्हा चाहते हळहळले, की याच्या लायकीचं याला काही मिळालं नाही. नव्हतंच मिळालं. माझं भांडण भेंड्यांशी नाही. माझं भांडण ‘सोडले तर’ या शब्दांशी आहे. त्यांना सोडलं तर उरलेल्या मुंबईत काय सगळे मुके होते?

मी त्या पोराला विचारलं, रॉक म्हणजे काय रे? तो म्हणाला, अ‍ॅटिट्यूड. म्हटलं, मग चल माझ्याबरोबर परळला.

रॉकचा बाप ब्लूज. आणि ब्लूजचा जन्म मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात, राबणाऱ्या काळ्या माणसांच्या हाळ्यांत, बेड्या घालून कामाला जुंपलेल्या कैद्यांच्या गाण्यांत. पुढं ते गाणं गोऱ्या कंपन्यांनी उचललं, त्याच्यावर माड्या बांधल्या, आणि ज्यांनी ते पहिल्यांदा गायलं त्यातले कित्येकजण फुटक्या घरात मेले. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते ना? तमाशाचं काय झालं? लावणीचं काय झालं? गाणं त्यांच्या सभागृहात गेलं आणि गाणारी जात बाहेर चपलांपाशी राहिली.

१९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. नाव तिथून आलं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ओकलंडच्या पँथरांनी १९७० मध्ये स्वतःचा बँड काढला होता, हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बँडचं नाव ‘द लम्पेन’. गाणारे पार्टीचे साधे कार्यकर्ते. पार्टीच्या पेपराचे गठ्ठे बांधणारे, ते गावोगाव रवाना करणारे. पुस्तकी कम्युनिस्ट ज्या थराला नाक मुरडून लम्पेन म्हणतात, ते नाव त्यांनी स्वतःहून छातीवर लावलं. आपण ‘दलित’ हा शब्द लावला तसंच. बँड फार दिवस चालला नाही. पण त्यांना एक गोष्ट कळली होती की चळवळीला माईकवरचा माणूस पुरत नाही, गळ्यातला माणूस लागतो.

आपल्याकडे तो होताच. भीमराव कर्डकांच्या जलशापासून होता. शाहिराचा एक जलसा आपल्या दहा भाषणांच्या बरोबरीचा आहे असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपण प्रत्येक स्टेजवरून सांगतो. सांगतो आणि टाळ्या घेतो. मग मला हिशेब करून दाखवा. दहा भाषणांच्या बदल्यात पुढाऱ्याला गाडी, बंगला, महामंडळ. एका जलशाच्या बदल्यात शाहिराला काय? नारळ, शाल, आणि शेवटची लोकल चुकली तर प्लॅटफॉर्म.

ह्या परळ-लालबागच्या जमिनीत गाणं मुरलेलं आहे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पाळी सुटली की गिरणी कामगार डबा घेऊन थेट गाणं ऐकायला. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले, ऑगस्टमध्ये अमर शेख गेले. अण्णाभाऊ कसे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. आयुष्याचा मोठा भाग घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत, शेवट गोरेगावला, खिसा रिकामा. २००२ साली सरकारनं त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट काढलं. तेहतीस वर्षं लागली माणसाचं तिकीट व्हायला. ते जिवंत असताना पाकिटाला लावायचं तिकीट घ्यायला पैसे होते का, हे कुणी विचारलं नाही.

विलास घोगरे या वंशाचे. विदर्भातून मुंबईला आलेले, मुलुंडला झोपडपट्टीत बिऱ्हाड. आव्हान नाट्य मंचात गायचे. संभाजी भगतांसारखे शाहीर त्यांचे सोबती. पेपरात फोटो नाही, रेडिओवर नाव नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी मात्र आयुष्यभर विसरलं नाही. यालाच तुमच्या रॉकच्या भाषेत कल्ट म्हणतात ना?

आनंद पटवर्धनांची १९८५ ची ‘हमारा शहर’ ज्यांनी बघितली नसेल त्यांनी बघा. त्यात घोगरे गातात, हिंदीत. तो काळ आठवा, म्हणजे माझ्यासारख्यांनी वाचून आठवा. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, अंतुले सरकारनं फुटपाथवरची माणसं उचलून शहराबाहेर नेऊन टाकायला सुरुवात केली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो संप कधी जिंकून संपला नाही, मोडत मोडत विरला आणि त्याच्याबरोबर हा सगळा भाग. १९८५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असं म्हटलं, आणि त्याच निकालात नोटीस देऊन झोपडी पाडायला वाट मोकळी ठेवली. तुला जगायचा हक्क आहे, फक्त इथं जगू नकोस. अशा शहरात एक माणूस उभा राहतो आणि हे शहर बांधणाऱ्या मजुराची गोष्ट शहराला ऐकवतो. भीक मागितल्यासारखी ऐकवत नाही. उधारी वसूल करायला आल्यासारखी ऐकवतो.

त्या आवाजाबद्दल दोन शब्द. संगीताचे जाणकार सूर, ताल, फिरत बघतात. मी डॉकमध्ये बोजा उचलतो. बोजाखाली श्वास कुठं धरायचा आणि कुठं सोडायचा हे शिकावं लागतं. चुकलं की कंबर जाते. आमच्या टोळीतले जुने लोक ‘हैय्या’ म्हणतात ते हौसेनं नाही, सगळ्यांचा श्वास एका जागी सुटावा म्हणून. घोगरेंचं गाणं ऐकताना मला पहिल्यांदा ते जाणवलं. ओळ जिथं संपते तिथं श्वास सुटतो, आणि कोरस तो उचलतो. एकट्यानं ओझं न्यायचंच नाही असं ते गाणं बांधलेलं आहे. आपल्या भाषेत ‘दम’ शब्दाला दोन अर्थ आहेत. त्या आवाजात दोन्ही आहेत.

आता १९९७.

११ जुलैला सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ दिसली. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसं मेली, २६ जखमी झाली. राज्य सेना-भाजप युतीचं. गुंडेवार आयोगानं फौजदार मनोहर कदमला दोषी धरलं. २००९ साली सत्र न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली, आणि पुढं हायकोर्टातून तो जामिनावर सुटला. १२ वर्षं निकालाला लागली, जामिनाला तेवढी लागली नाहीत. ह्यावर मी जास्त बोलत नाही. रमाबाई नगरच्या पोरांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मुलुंड ते घाटकोपर मधली स्टेशनं मोजा. नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी, मग घाटकोपर. गोळ्या झाडल्या त्या घोगरेंच्या घरापासून पाच स्टेशनांवर. चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी आपल्या झोपडीत जीव दिला. डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. रमाबाई नगरच्या शहिदांना प्रणाम आणि आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहून ठेवला होता.

निळं फडकं. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसानं शेवटी निळं बांधलं. ह्या एका फडक्यावर तेव्हापासून दोन्ही बाजूंचे लोक भांडतायत. निळेवाले म्हणतात, बघा, शेवटी घरी आला. लालवाले म्हणतात, आमचाच होता, भावनेच्या भरात झालं. मला दोघांनाही विचारायचंय, माणूस होता तेव्हा तुम्ही कुठं होतात?

कारण त्याच्या आधीच त्यांना त्यांच्या संघटनेनं बाहेर काढलेलं होतं. पोटासाठी चार ठिकाणी गाणं आणि संघटनेची शिस्त, यांचं जमलं नाही. ह्याच्यावर मला राग काढायचा नाही. त्या संघटनेतल्या लोकांनीही हाल सोसलेत, तुरुंग बघितलेत, आणि त्यांच्यातल्या काहींनी नंतर ह्या गोष्टीचा मोकळेपणानं विचार केला. पण प्रश्न त्या एका संघटनेचा नाही. प्रश्न असा की ज्याला तुम्ही पूर्णवेळ शाहीर म्हणता त्याच्या घरी पीठ कुणी भरायचं? प्राध्यापक कार्यकर्ता महिन्याला पगार घेतो आणि संध्याकाळी क्रांतीवर बोलतो, त्याची शिस्त कुणी तपासत नाही. शाहिरानं दुसऱ्याच्या मांडवात बिदागी घेऊन गायलं की तो बाजारू. वा रे शिस्त! ही शिस्त फक्त ज्याच्याकडे पगारपत्रक नाही त्यालाच लागते. आणि लाल म्हणा, निळी म्हणा, कुठल्याच संघटनेच्या हिशेबवहीत शाहिराच्या घरखर्चाचा रकाना नसतो. लाउडस्पीकरचा असतो. बॅनरचा असतो.

एक गोष्ट आज ह्या पोरांसमोर स्पष्ट बोलतो. घोगरेंच्या मरणाचं गाणं करू नका. त्यांच्या जगण्याचं करा. आपल्यात हुतात्म्याची हौस फार आहे. १० जानेवारी १९७४ ला ह्याच परळला पँथरच्या मोर्चावर वरून दगडी पाटा टाकून भागवत जाधवला मारलं. त्याला मारलं. त्याच्या मरणाचा मारेकरी होता. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला, तेव्हाही आम्ही पोरं पोस्टर घेऊन फिरलो, फिरायलाच पाहिजे होतं. पण पोस्टर फार सुंदर झालं की कुठल्यातरी एकट्या पोराला वाटायला लागतं, मेल्यावरच आपलं ऐकतील. ही व्यवस्थेला हवी तीच गोष्ट आहे, त्यांची गोळीसुद्धा वाचते. मला निळं फडकं बांधून, म्हातारा होऊन, खोकत खोकत नव्या पोरांना शिव्या घालत गाणारा घोगरे पाहिजे होता. गाणारा गप्प बसायला लागला तर त्याच्या दारावर थाप मारा. चहा पाजा. बोलता करा. ठराव नंतर करा.

हे होऊ शकतं. विठ्ठल उमप नायगावात जन्मले, तारीख १५ जुलैच, साल १९३१. गात गात २०१० पर्यंत आले आणि नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले. एकाच तारखेला एक शाहीर आला आणि एक गेला. मी योगायोगाला अर्थ चिकटवणारा नाही, पण नायगाववाल्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला हरकत नाही.

डेट्रॉइट नावाच्या शहरात रॉड्रिग्ज नावाचा एक गाणारा होता. मेक्सिकन बापाचा, इमारती पाडायच्या-दुरुस्तीच्या कामावर राबणारा मजूर. १९७० आणि ७१ साली त्याच्या दोन रेकॉर्डी निघाल्या, अमेरिकेत कुणी घेतल्या नाहीत. तो परत घमेलं उचलायला गेला. इकडे वर्णद्वेषाच्या दक्षिण आफ्रिकेत त्याच्या गाण्यांनी पोरांना वेड लावलं. रेकॉर्डी धडाधड खपल्या, त्याला त्याची खबरही नाही, पैसाही नाही. तिथले चाहते समजत होते की त्यानं स्टेजवरच जीव दिला. मग काही चाहत्यांनी शोध घ्यायला सुरुवात केली, गाण्यातल्या गावांची नावं धरून धरून, आणि माणूस जिवंत सापडला. १९९८ ला त्याला दक्षिण आफ्रिकेत नेऊन गायला लावलं, हजारो माणसं उभी. २०१२ ला त्याच्यावर फिल्म आली, तिला ऑस्कर मिळालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो म्हातारा होऊन मेला.

त्या चाहत्यांना वाटत होतं मेलाय, शोधायला निघाले, जिवंत निघाला. आपला माणूस जिवंत होता, पाच स्टेशनांवर, आणि आपण शोधायला निघालो तो मेल्यावर. पटवर्धनांनी चौदा वर्षं घालवून २०११ ला ‘जय भीम कॉम्रेड’ पुरी केली, वस्त्यांत पडदा लावून दाखवली, म्हणून माझ्यासारख्याच्या कानावर तरी घोगरे आले. त्यांचे उपकारच. तरी माझ्या मनात येतं, आपला शाहीर आपल्याला कळायला दर वेळी दुसऱ्याचा कॅमेरा का लागतो?

६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कला जा. आधी कॅसेटी होत्या, मग सीड्या आल्या, आता पेन ड्राइव्ह. एका पेन ड्राइव्हमध्ये शेकड्यांनी भीमगीतं. विकणाऱ्याला विचारा, हे गाणं कुणाचं? तो सांगतो, बाबासाहेबांचं. भावा, बाबासाहेबांवरचं आहे, लिहिलंय कुणी? आपल्या परंपरेत कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतो. ही आपली कॉपीराइटची पद्धत होती, कंपनी नाही, वकील नाही, गाण्याच्या पोटातच सही. आता डीजेवाला काय करतो? मुखडा घेतो, एक कडवं घेतो, वर ढमढम टाकतो, शेवटचं कडवं कापतो. म्हणजे सहीच कापतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण ज्याच्यावर नाचतो त्याचं नाव आपल्याच हातानं कापलेलं असतं. डीजेची सुपारी काय असते ते मंडळवाल्यांना विचारा, आणि त्याच्या शेजारी शाहिराच्या बिदागीचा आकडा लिहा. मी आकडा सांगत नाही, इथं मंडळवाले बसलेत, त्यांनीच एकमेकांकडे बघावं.

आणि जो शाहीर अजून गातोय त्याच्याकडेही सरकारचं लक्ष आहेच, काळजी नसावी. २ एप्रिल २०१३ ला कबीर कला मंचाची शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर गाणं म्हणत स्वतःहून हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर. तिला जामीन मिळायला जून उजाडला, सचिनला २०१७. ‘कोर्ट’ ही २०१४ ची फिल्म आठवा, गाणी संभाजी भगतांची. त्यात म्हाताऱ्या शाहिरावर खटला भरतात की तुझं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला. ती फिल्म गोष्ट म्हणून बघितली. पण घोगरेंची हकिगत माहीत असलेल्याला ती बघताना हसू येत नाही. तिथं गाण्यावर खटला आहे. इथं गाणाराच गेला आणि खटला कुणावरच नाही.

आता कामाचं. मला घोगरेंच्या नावाचा पुरस्कार नको, चौक नको, पुतळा तर नकोच, पुतळ्याला चपला घालणारे अजून आहेत. मला त्यांची गाणी छापील पाहिजेत. सगळी, शेवटच्या कडव्यासकट. त्यांच्याबरोबर गायलेल्यांना ती अजून पाठ आहेत. ही माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे जाऊन मोबाइलवर गाऊन घ्या, लिहून घ्या, चाल कुठली, ठेका कुठला, कुठल्या मोर्चात पहिल्यांदा गायलं तेही लिहा. कुणाच्या पोटमाळ्यावर जुन्या कॅसेटी असतील तर ओल लागायच्या आत बाहेर काढा, जुलै चालू आहे. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. घर बदलताना पहिल्यांदा कॅसेटीच फेकल्या जातात, भांडी कुणी फेकत नाही. ह्या कामात जो पैसा येईल, अंक विकून येईल, वर्गणीतून येईल, त्याचा पहिला वाटा त्यांच्या घरच्यांचा. मग कागद, मग छपाई.

आणि आजच्या कार्यक्रमाची बिदागी. मी संयोजकांना आधीच विचारलंय, ढोलकीवाल्याचं, पेटीवाल्याचं पाकीट तयार आहे का. आहे म्हणाले. किती ते मी उघडून बघितलंय, म्हणून बोलतोय, कमी आहे. डबा फिरवा. भाषणवाल्याला काही देऊ नका, माझी उद्या सकाळची पाळी आहे, माझी सोय होते.

ढोलकीवाले मघापासून वादी ओढून तयार बसलेत. मी माईक सोडतो.